नदीकाठचा तळ

चपलाबूट शिवणाऱ्याच्या दुकानात माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. यात्रेला पायी निघायचं म्हणून दोघांनी आपले बूट नवे तळ लावायला आणले होते.

"काका, डोंगरातून जाणार की नदीकाठानं? डोंगराला खाचांचा तळ लागतो, नदीकाठाला मऊ."

"मऊ लावा."

"अहो, कालपर्यंत डोंगर डोंगर करून माझं डोकं खाल्लंत ना?"

"गुडघे कुरकुरतात. नदीकाठ सपाट आहे."

"आणि केवढा फेरा पडतो!"

"पडू दे. आपल्याला कुठं गाडी गाठायचीय?"

"गुडघ्यांना कशाला पुढे करताय? त्या वाटेवर लेकीचं घर लागतं, असं म्हणा की सरळ."

"लागतं का? लागत असेल."

"तिच्या लग्नात तुम्हीच ओरडलात, तुझा उंबरा या जन्मात ओलांडणार नाही म्हणून."

"मग ओलांडतंय कोण? यात्रेकरूला दारातच पाणी देतात. नावगावसुद्धा विचारत नाहीत."

"आणि पाणी दिलं तिनं, तर?"

"पिईन. सावकाश पिईन."



"काकू, तुमच्या बुटांना कुठला लावू?"

"यांच्यासारखाच लावा, मऊ."

"पण ऐक, पाणी तू माग हं. माझा आवाज ओळखेल ती."

"म्हणूनच तुम्ही मागायचं."