दोन चाकांचा माणूस

नाही, नाही, मी पडलो असं म्हणूच नका! पडायला गाडी चालू असावी लागते. माझी उभी होती, मीही उभा होतो, मागल्या वर्षी दिवाळीआधी कनेरगाव नाक्यावर ढाब्यासमोर पाय टेकवायला गेलो आणि जिथं जमीन असायला हवी तिथं खड्डा होता... एवढंच! मी आणि माझी फटफटी अगदी शिस्तीत आडवे झालो. ढाब्यावरची माणसं चहा टाकून धावली. एक म्हणतो, "सर, लागलं का?" दुसरा म्हणतो, "काहून फिरता सर या वयात?" या वयात म्हणजे? भौतिकशास्त्रात डॉक्टरेट आहे माझी! आता तिचा खड्ड्याशी काय संबंध, हे मलाही नीट सांगता येणार नाही; पण मी दोन चाकांचा माणूस आहे!

तुम्हाला सांगतो, दिवाळी ते संक्रांत माझी गाडी बंद. छातीला गार वारा सोसत नाही. ती पडवीत गोधडीखाली, मी शेजारी शालीत, आणि आखणी चालू. चेन बदलावी की ताणून घ्यावी? ऑइल आत्ता काढावं की गाडी बाहेर काढताना? कॅरिअर मोठं घ्यावं? पण मग तोल... नको. की घ्यावं? हिवाळा कसा मजेत जातो! गेल्या हिवाळ्यात मात्र, दोन हजार साल लागणार म्हणून सगळं जग घाबरलेलं असताना, आमच्या चांगुणाबाईंनी, म्हणजे बायकोनं, आखणी हातात घेतली. "मागल्या चाकाला दोन्हीकून छोटी चाकं लावा. न्हाई तर गाडी इका."

"अगं, चाक फिरत असलं की गाडी आपोआप उभी राहते! जन्मभर शिकवलं मी हे!" (बरोबरच शिकवलं असणार. निदान पोरं पास व्हायची.)

"फिरत असलं तर ना? तुमी तर उभे होते."

मी विषय चेनवर नेला.

मी फारुक मेकॅनिकला चेन बघायला बोलावलं, तर हा पठ्ठ्या चाकंच वेल्डिंग करून हजर! "मॅडमने बोला, सर. एकदम हवाई जहाज के माफिक!" अरे, विमानाची चाकं उडाल्यावर पोटात जातात, याची कुठं जाणार? परत ने म्हणालो, मी दोन चाकांचा माणूस आहे! निदान सीटचं कव्हर बदल, पुढं फाटलंय. "नुसतं लावून दाखवतो सर," म्हणत त्यानं चाकं बसवलीसुद्धा! मग सीटवरून हात फिरवून म्हणतो, "पिछे का तो कोरा है, सर! कोई बैठाच नहीं क्या?"

कोण बसणार? गाडी नवी घेतली तेव्हा हिला म्हणालो होतो, चल, सेनगावला तुझ्या बहिणीकडं नेतो. ही म्हणाली, "तुमी वळन निघून गेल्यावर इचार करता, वळावं का म्हणून! मरायचंच असंल तर जीपमधी मरीन, चार मानसांत." तेव्हापासून पुढं मी आणि मागं माझी पिशवी.

तेवढ्यात ही बाहेर आली. गाडी गदागदा हलवली. पदर खोचला आणि चढून बसली की हो मागं! "हालत तर न्हाई... संक्रांतीला बहिनीकडं, मोतीबाईकडं जाऊ मंग."

मी ठणकावून सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. निघालं काय? "फारुक, नट नीट आवळ."

संक्रांतीला सेनगावच्या रस्त्यावर पोरं ओरडली, "सर, रिक्षा रिकामी हाय का?" मीही ओरडलो, "नाही! भरलेली आहे!" आणि मागून, जीपमध्ये मरणारी हीच बाई, बरं का, "पळवा की जरा! सायकलवाला गेला म्होरं!"

आता पुन्हा हिवाळा. गाडी गोधडीखाली, आखणी चालू. मागं पाय ठेवायला फळी, लुगडं अडकू नये म्हणून जाळी, पाठीला टेकू... ती सांगते, मी मान हलवतो. पण कुणीही या, कुणीही विचारा, मी दोन चाकांचाच माणूस आहे!

उरलेली दोन तिची.