भूल देण्याआधी

डॉक्टर : ...तेही ठीक. पण मग हिच्या तोंडाला गोड वास कसला येतोय?

आई : वास? काहीतरीच काय! काल रात्रीपासून पोरगी उपाशी आहे. सकाळी दोन घोट पाणी, बस्स. ठकू, आ कर बाळा. आ... अगं, डोकं नको आपटूस. बरं, नाही बघत.

डॉक्टर : तोंड उघडायची गरज नाही. नुसतं वाकून बघा. केकसारखा.

आई : ...येतोय की. बेबी! ए बेबी, आत ये.

आत्या : काय गं वहिनी? बोलावलं आतमध्ये?

आई : काय घातलंस हिच्या तोंडात?

आत्या : मी?

आई : नाहीतर कोण? टॅक्सीत तुझ्या मांडीवर होती ती. मी पुढे बसले होते.

डॉक्टर : एक मिनिट. तुम्ही मुलीच्या कोण?

आत्या : आत्या. ह्यांच्याकडेच राहते मी. केस पिकायला लागले तरी घरात सगळ्यांची बेबीच.

डॉक्टर : मी भूल देणारी डॉक्टर. रागावणार नाही, पण खरं सांगा. तिनं काही खाल्लंय का? एखादं बिस्कीट? चॉकलेट? तिला भुकेलं बघवलं नाही म्हणून कुणी दिलं असेल, तर तसं सांगा. लहान मुलांच्या बाबतीत होतं असं.

आत्या : नाही हो. शप्पथ नाही.

आई : हिच्या शपथेवर जाऊ नका डॉक्टर. हिनं दुधातून जंतांचं औषध पाजलं होतं ठकूला. मला न विचारता, गुपचूप. 'अगं, कळतंय काय तिला!' म्हणाली. त्या दिवसापासून ठकूनं दूध बंद केलं. आता पांढरं काही दिसलं की पेला भिरकावते.

आत्या : चुकलं ते माझं. किती वेळा म्हणू? दर वेळी तेच उगाळायचं का?

आई : उगाळायला लावतेस तू. बोलता न येणारं पोर. पोटात काय गेलं, कुठं दुखतंय, काही सांगत नाही. म्हणून वाटेल ते करायचं?

डॉक्टर : दोघीही थोडं हळू. तिनं कान झाकलेत बघा.

आई : ...हो. हो गं ठकू. झालं. गप्प बसले.

डॉक्टर : मी का विचारतेय ते सांगते. भूल दिल्यावर घसा आपलं काम सोडून देतो. पोटात अन्न असलं तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. टॉन्सिल काढणं ही तशी लहान शस्त्रक्रिया आहे, पण हे झालं तर लहान राहत नाही. मला शंका असेल तर मी आज भूल देणार नाही.

आई : वाटलंच मला.

डॉक्टर : काय वाटलं?

आई : की काहीतरी निघणारच. अशी मुलं नकोच असतात कुणाला. दाताच्या दवाखान्यात चौघांनी धरली होती हिला, हातपाय दाबून. किंचाळून निळी पडली, आणि मग म्हणे, 'पुढच्या वेळी मोठ्या ठिकाणी न्या.' आता मोठ्या ठिकाणी आणली, तर तोंडाला वास येतोय.

डॉक्टर : तुमचा राग मी समजू शकते. पण वास तुम्हालाही आला.

आई : आला ना. म्हणून तर विचारतेय हिला. बेबी, ही झोपेत घोरता घोरता श्वास थांबवते. मी रात्र रात्र छातीवर हात ठेवून पडते. दुसरी तारीख कधी मिळेल कुणास ठाऊक. आज सांग.

आत्या : मी काही दिलं नाही खायला.

ठकू : कुणाला सांगायचं नाही हं. आपलं आपल्यात.

आई : ...ऐकलंत?

ठकू : आपलं आपल्यात. गुडगर्ल. कुणाला सांगायचं नाही हं.

आई : ऐकलंत ना डॉक्टर? ही स्वतःचं बोलत नाही. ऐकलेलं तसंच्या तसं म्हणते, सुरासकट. आणि हा सूर कुणाचा आहे ते मी सांगायला नको. बोल ना बेबी. आता का तोंडात मिठाची गुळणी?

डॉक्टर : काय सांगायचं नाही तिनं?

आत्या : ...मास्कचं.

डॉक्टर : कुठला मास्क?

आत्या : तुमच्या इथूनच दिला होता ना घरी, मागच्या वेळी. भूल देताना नाकातोंडावर लावायचा. सवय व्हावी म्हणून.

आई : तो मी कपाटावर टाकलाय. पहिल्याच दिवशी ठकूनं घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, नको. सुई टोचा, बधिर करणारं मलम लावा, पण तोंड दाबायचं नाही कुणी.

आत्या : मी खाली काढला.

आई : कधी?

आत्या : तू कामावर गेलीस की. वहिनी, रागावू नकोस... म्हणजे रागाव, पण ऐक. मी तिला लावला नाही. देवाशप्पथ, हातही लावू दिला नाही. मीच लावून पडायचे पलंगावर. पार्लरमध्ये बायका तोंडाला कायबाय फासून पडतात ना, तशी. ती लांबून बघायची. मग जवळ यायची. एक दिवस तिनंच माझ्या तोंडावरून ओढून घेतला आणि हुंगला. प्लास्टिकचा वास आवडला नाही तिला. म्हणून मग मी आतून लिपबाम फासला. व्हॅनिलाचा. माझ्या पर्समधला.

डॉक्टर : आहे का आत्ता?

आत्या : हा घ्या. आज टॅक्सीत ओठांवर बोट ठेवून मागत होती. म्हणून लावला. गिळायला नाही काही.

डॉक्टर : ...हो. वास हाच आहे.

आई : मला का नाही सांगितलंस?

आत्या : तू लावू दिलं असतंस?

आई : नसतं दिलं.

आत्या : मग?

आई : मग म्हणून माझ्या पोरीला माझ्यापासून लपवायला शिकवलंस? आज लिपबाम आहे. उद्या दुसरा कुणी आपलं आपल्यात म्हणेल तिला. सांगता येत नाही तिला, आणि तू तिला सांगू नकोस म्हणतेस!

आत्या : ...हे नव्हतं गं आलं माझ्या डोक्यात.

डॉक्टर : मला निर्णय घ्यायचाय. वास जुळला, पण तेवढ्यानं पोट रिकामं ठरत नाही. तुम्ही आई आहात. ह्यांच्या बोलण्यावर तुमचा विश्वास आहे?

आई : खरं सांगू? मला माहीत नाही. पन्नास वेळा आहे म्हणेन आणि आत नेलं की दाराबाहेर वेडी होईन.

आत्या : मग थांबा ना डॉक्टर. दिलंय असंच धरून चाला. किती वेळ थांबावं लागतं?

डॉक्टर : सहा तास. मी तिला आजच्या यादीत शेवटी घेऊ शकते. दुपारी. मधे पाणी चालेल, पण जेवण नाही. भुकेनं ती त्रास देईल.

आत्या : देऊ दे. मला माहीत आहे मी खरं बोलतेय. पण वहिनीला अशी शंका घेऊन बाहेर बसवायचं नाही. उपाशी पोरीला मी सांभाळते. ओरबाडू दे मला.

आई : सांभाळ. पण माझ्या डोळ्यांसमोर.

(दुपार. तीच खोली. पडदा ओढलेला, पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद.)

डॉक्टर : कशी आहे?

आई : रडली, पडली, तुमच्या गादीचा कोपरा उसवला. तासभर दारामागे उभी होती. आता त्यांचा मास्कचा खेळ चाललाय, बघा. बेबीनं पर्समधून आणला होता तो.

ठकू : आत्या झोपली. आत्या उठली.

आत्या : उठले. आता कुणाची पाळी?

ठकू : ठकूची पाळी.

आई : बघितलंत? स्वतःच्या हातानं लावते. मी सकाळपासून पाचव्यांदा बघतेय आणि तरी वाटतंय, माझ्या मागे बेबीनं दाबून तर लावला नसेल कधी.

डॉक्टर : दाबून लावलेला मास्क मूल असं मांडीवर घेऊन बसत नाही.

आई : मलाही दिसतंय ते. पटायला वेळ लागतो.

डॉक्टर : आता नेऊ या. मास्क तिच्याच हातात राहू दे, मी फक्त नळी जोडेन. आत एकालाच येता येईल.

आई : मी येते. म्हणजे... थांबा. आत मास्क आधी माझ्या तोंडावर लागला तर चालेल तिला?

डॉक्टर : तुम्हीच सांगा.

आई : ठकू, आईची पाळी? आईला लाव. लाव ना गं. ...नाही. हात ढकलतेय माझा.

आत्या : भूक लागलीय तिला, म्हणून. तू जा वहिनी. लावेल तुला.

आई : समजूत घालू नकोस. नको म्हणतेय ती, दिसतंय मला. जा तू.

आत्या : मी?

आई : हो. आणि बेबी, आत तिला कुणी धरायला लागलं ना, तर ओरड. दारातून ऐकू येईल असं ओरड. मी येईन मग, कुणाच्या बापाची भीती नाही.

डॉक्टर : कुणी धरणार नाही. ती थांब म्हणाली तर मी थांबेन.

आई : ती थांब म्हणत नाही डॉक्टर. कान झाकते.

डॉक्टर : कान झाकले तर थांबेन.

*

आत्या : झोपली.

आई : इतक्यात? रडली?

आत्या : रडली.

आई : मास्क लावताना?

आत्या : नाही, आधी. तो डोक्यावरचा मोठा दिवा बघून बिथरली. माझ्या दंडाला चावली. डॉक्टर थांबल्या, दिवा मालवायला लावला. सगळे भिंतीला टेकून उभे. मग मी झोपले, उठले, पुन्हा झोपले. त्यांच्या त्या टेबलावर. मग तिनं लावला.

आई : कुणी धरलं?

आत्या : शेवटी मान कलंडली तेव्हा मीच धरली. आणखी कुणी नाही.

आई : मला हाक मारली का गं तिनं?

आत्या : ...नाही.

आई : खरं?

आत्या : खरं. कुणालाच नाही मारली. दिव्याकडे बघत होती.

आई : मारली म्हणाली असतीस, तर बाकीचंही खोटं धरलं असतं मी.

आत्या : माहीत आहे मला.

आई : बस इथे. उभी काय राहतेस पाहुण्यासारखी.

आत्या : वहिनी, ते आपलं आपल्यात... पुन्हा कधी नाही म्हणणार तिला.

आई : नको म्हणूस. आणि माझ्यापासून लपवून चांगलंही काही करू नकोस. भांड माझ्याशी. तोंड आहे ना तुला?

आत्या : तुझ्याशी भांडून कोण जिंकलंय?

आई : गप. दार उघडलं बघ. डॉक्टर?

डॉक्टर : झालं सगळं. गाठी चांगल्याच मोठ्या होत्या. आता श्वास मोकळा चाललाय, घोरत नाहीये. थोड्या वेळात डोळे उघडेल, तेव्हा ओळखीचं एक माणूस जवळ हवं. दिवा मंदच ठेवलाय.

आत्या : वहिनी, आता तू जा.

आई : जातेच आहे. तू खाली जाऊन काहीतरी खाऊन ये. सकाळपासून तुझ्याही पोटात काही नाही.

आत्या : तुला गं कसं कळलं?

आई : दिवसभर नजर होती ना तुझ्यावर.