नवऱ्याचं नाव काय

माझं माहेर पूर्णाकाठचं, सिद्धेश्वराच्या बाजूला, सासर गोरेगाव, आन् शाळा म्हनाल तर दोन्हीकडंबी पाहिली न्हाई. आधीच सांगते, मी जे सांगून राहिले ते हसन्यासारखं हाय, समदे हसलेच, तुमीबी हसा, पन बराबर लिहा. आमचे मालक मात्र हिंगोलीला उर्दू शाळंत शिकलेले, इंग्रजीबी येत व्हती त्यांना, कपाशीच्या जिनिंगमदी मुनशी व्हते, गावात मान व्हता. मंग एक दिवस उजवा हात मशिनीत गेला. चार बोटं गेली. लिहिनारा मानूस तो, त्याला कोन ठेवतंय? गोरेगावला थोरल्या दिराच्या घरी येऊन राहिलो, आन् जाऊबाई ताटात भाकर कशी टाकायची काय सांगू तुमाला, वरून टाकायची. मालक खाली मान घालून खायचे. मला लई शरम वाटायची.

तवा मालकांना कळलं, हिंगोलीत बायकांचा दवाखाना निघालाय, तिथली डाक्टरीन मद्रासकडली, तिला मराठी येत न्हाई, खेड्यातल्या बायकांचं बोलनं समजनारी न् थोडी इंग्रजी येनारी बाई पाहिजे, राह्याला खोली देत्यात. खोली! म्या तर मनात तिथं चूलबी मांडली. मालक म्हनले, तू शिक. म्या म्हनलं, मी? डोस्कं फिरलं का तुमचं? ते म्हनले, अगं माझी बोटं गेली, जीभ न्हाई गेली, मी बोलतो, माझ्यामागं तू बोल.

मंग वरीसभर तेच. दुपारी मी ज्वारी निवडत बसायची, ते भिंतीला टेकून म्हनायचे, कम इन, मी म्हनायची कम इन. सिट डाऊन. ओपन युवर माऊथ. डोन्ट क्राय. आय गो, दे गो, पन ही गोज. मी भांडायची, एकट्या मानसाला शेपूट लावायचं न् चार जनांना न्हाई, हे उलटं काहून? ते म्हनायचे, ते मी न्हाई गं केलं बाई, तू म्हन. सासूबाई तिथंच ओसरीवर वाती वळायच्या, म्हनायच्या, वटवट करून राहिली, ज्वारीत खडे राहतील. राह्यचेबी.

मालकांपाशी जुनं पुस्तक व्हतं, त्यात वळीनं व्हतं, माझ्या बापाचं नाव अमुक, भावाचं नाव अमुक, नवऱ्याचं नाव अमुक. बापाचं मी घ्यायची. भावाचं तर लई हौसेनं, माय ब्रदर्स नेम इज ग्यानोबा, माझ्या कडेवर वाढलेलं पोरगं ते. तिसरी वळ आली की मालक खाकरायचे न् पान उलटायचे. समोर सासूबाई, आन् बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी व्हतं, हे तर आमी लहानपनापासून ऐकलेलं. उखान्यात घेतलं असंल लग्नात, तेवढंच. त्यांनी म्हन म्हनलं न्हाई, म्या म्हनलं न्हाई. वरीसभर ती वळ रोज सोडली, आन् दोघांच्याबी ध्यानात आलं न्हाई की दवाखान्यात हे विचारत्यातच.

गेलो हिंगोलीला. मालक बाहेर व्हरांड्यात उभे, आत बाकड्यावर बायका, त्यात नेमकी एक जाऊबाईच्या माहेरची. डाक्टरीन गोड व्हती, खोटं कशाला बोलू. नाव विचारलं, सांगितलं, सोनाबाई. लेकरं किती, सांगितलं, टू. रडत्या पोराला काय म्हनशील, म्हनलं, डोन्ट क्राय. हसली ती. मंग कागद पुढं घेतला न् विचारलं, व्हॉट इज युवर हजबंड्स नेम. म्या डोईवरचा पदर पुढं वढला. समजलं व्हतं हो मला! शब्दन् शब्द समजला व्हता. तिनं पुन्हा विचारलं. कंपाउंडर म्हनला, बोलो बाई, शौहर का नाम. तोंड उघडलं तर जिभेवर रोजचं बसलेलं तेच आलं, माय हजबंड्स नेम इज ग्यानोबा.

मालकांनी आधी दिलेल्या अर्जावर तर त्यांचं खरं नाव. मालकांना आत बोलावलं, त्यांनी आपलं नाव सांगितलं. कंपाउंडरनं मला विचारलं, मंग ग्यानोबा कोन? म्या म्हनलं, भाऊ. अगं माय! सख्ख्या भावाला नवरा केलं म्या, भरल्या दवाखान्यात. बाकड्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून खिदळल्या. डाक्टरीन हसली न्हाई. कंपाउंडर म्हनला, मॅडम म्हनत्यात, जिला नवऱ्याचं नाव सांगता येईना, तिच्या हाती औषधाच्या बाटल्या कशा द्यायच्या?

येताना मालक कोसभर माझ्या पुढं चालत राहिले. मंग एका हिरीवर पानी प्यायला थांबले न् म्हनले, एकदा घ्यायचं व्हतंस गं. मी काय मेलो असतो? जमीन दुभंगावी असं झालं. आमच्या आधी बातमी गोरेगावला, तिथून माहेरी. ग्यानोबाला लोकांनी इतकं चिडवलं की दोन दिवाळ्या पोरगं भाऊबीजेला आलं न्हाई. वाट पाहून म्या चंद्राला ओवाळलं.

निजामाचं राज गेलं त्या साली मालक तापानं गेले, दिराच्याच घरात. नाव न्हाई घेतलं तरी गेलेच की हो. पुढं शेताच्या कागदासाठी कचेरीत बोलावलं, कारकुनानं मान वर न करता विचारलं, नवऱ्याचं नाव? म्या म्हनलं, किसनराव. भसकन् आलं. काही अडलं न्हाई, काही झालं न्हाई. भाईर येऊन पायरीवर बसले न् लई रडले, इतकंच तर व्हतं.

आता माझं काय, लेकीपाशी हाय, दोन घास खाते. तुमचं भलं व्हवो, इतक्या दूर येऊन म्हातारीचं ऐकलंत. एवढं मातर लिहा, त्या दिवशी ह्या बाईला उत्तर येत व्हतं.