होडी गेल्यावर केर काढू नये

बसा बाई, तिथंच बसा पाटावर. रेती हाय जमिनीला, चालवून घ्या, परवापासून केर काढलेला न्हाय. मृणाल शाळेत का येत न्हाय म्हणून आलात ना? तिचा बाप परवा होडी घेऊन गेलाय, काल यायचा होता, अजून पत्ता न्हाय, फोन लागत न्हाय, न् तुम्हाला हजेरीचं पडलंय. न्हाय, तुमच्यावर राग न्हाय माझा — म्हणजे हाय थोडा. ते विज्ञान केंद्र दाखवायला नेलंत ना पोरींना, तिथूनच लागलं हे. आली ती घरी, जेवण न्हाय काय न्हाय, म्हणते, आई, तिथं हात लावून बघायचं, कुणी ओरडत न्हाय, आपलं आपण ठरवायचं. मला कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू. विज्ञानाचं पुस्तक उघडायला रडणारी पोर ही. तर काय करावं तिनं? आपल्या थळ गावात, निदान आमच्या आळीत, होडी गेली की परत लागेपर्यंत घरात केर काढत न्हाईत, गेलेला माणूस केराबरोबर लोटला जातो म्हणतात. माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. ही म्हणते, बघूया. एका फेरीला बाप गेला की गुपचूप झाडायचं, पुढच्या फेरीला न्हाय. दिवाळीपासून चाललेलं. बाप आपला दर वेळी हसत परत. मला कळलं तेव्हा दिली एक ठेवून, आळीभर बोभाटा झाला. चुकलं म्हणता? तुमचा नवरा कचेरीत जातो, बाई.

आता बायका तोंडावर म्हणतात, कोकिळे, तुझ्या पोरीनंच बाप झाडून टाकला. न् पोर रडत न्हाय हो. किनाऱ्यावर बसलीय. म्हणते इंजिन बंद पडलं असेल, ओहोटी न् वारा दोन्ही खाली दक्षिणेला ओढतात, केंद्रात टाकीत छोटी होडी सोडून पंखा लावून बघितलंय, बाबांना मुरूडच्या बाजूला शोधा. सगळे हसले न् इथं समोर खांदेरी बेटाच्या बाहेर शोधायला गेले. माझा दीर मितेश तेवढा तिचं ऐकून मुरूडकडे गेलाय. बरोबर असेल का तिचं? तुम्ही शिकवता ना, सांगा की. न्हाय, पण झाडलं म्हणूनच झालं हे, या फेरीला तिची झाडायचीच पाळी होती — झाडलं असतं तिनं — पण झाडू कुठं होता तिला. मी लपवलेला. हा काय, तांदळाच्या डब्यामागं, अजून तिथंच हाय. या वेळी कुणी झाडलंच न्हाय, बाई. झाडलं तेव्हा तेव्हा आला, न् मी नेम पाळला तर — हे कुणाला बोलले न्हाय मी. पोरीला ठाऊक हाय. एवढ्या बायका तिला टोचून गेल्या, पण आईनं झाडू लपवला होता हे काय तिच्या तोंडून निघालं न्हाय. झाडूवर ढकलत होते तोवर बरं होतं मला, रडायला जागा तरी होती. आता कुणाला धरू मी? त्याचं काय सांगतात तुमच्या केंद्रात?

बोला ना. उठलात?

जा तुम्ही. मितेशचा फोन येऊ दे, मग पाठवते तिला शाळेत. ओ बाई — चपलेची रेती पडली ती पडू दे, पायानं लोटू नका. झाडण्यानं काय होत न्हाय, कळलंय मला. तरी राहू दे.