पट्टी पुढच्या कडेला

हॅलो?

हो, बोल गं… नाही, आई आतल्या खोलीत रेडिओ ऐकतेय. मी स्वयंपाकघरात आहे, लहान स्टुलावर बसलेय.

कळलं मला… हो, आईने तुझ्या सासऱ्यांच्या चहात मीठ घातलं. म्हणे त्यांनी कप संपवला?… सासूबाईंनी नाही संपवला. बरं… अगं, हसत नाहीये. थोडंसं हसले.

आज मीठ, उद्या गॅस. हो, हे तू सकाळीही म्हणालीस… नाही, चूक नाही म्हणत मी तुझं.

या रविवारीच नेणार तिला? खोली तयारसुद्धा केलीस?… तू आईला विचारलंस का?… सांगितलंस. सांगणं आणि विचारणं यात फरक असतो, छोटे.

आणि इथलं स्वयंपाकघर बंद करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?… शेगडी काढून टाकायची. मग ती तुझ्याकडे दिवसभर काय करेल?… टीव्ही आहे. मोठा आहे, हो, पाहिलाय मी.

दिवे?… हो, कपाटांमधले दिवे मीच बसवले, गेल्या महिन्यात. काय दिवे लावलेस म्हण, मनात ठेवू नकोस… म्हणालीस. झालं समाधान?

हो, चिकटपट्टी मीही पाहिली. तीच बघत बसलेय. जखमेवर लावतात ती पांढरी. प्रत्येक कपाटात दिव्यांच्या पट्टीवर तिने ती लावलीय, टोकापासून टोकापर्यंत. एक सुरकुती नाही… अगं ऐक ना. वेडेपणा नाही तो.

मलाही आधी तेच वाटलं. दिसत नाही म्हणून आपण दिवे बसवायचे आणि हिने ते झाकायचे. विचारलं, तर म्हणाली, छान आहेत गं, फक्त जरा जास्तच छान आहेत.

मग मी मीटर काढला… उजेड मोजायचा. कॉलेजच्या लॅबमधला. चिकटपट्टी सोलली, मोजलं, उजेड भरपूर होता… हो, हो. माझी मापं नेहमी बरोबरच असतात. टोमणा पोचला.

पण ऐक. एक स्क्रू घरंगळत ओट्याखाली गेला. तो काढायला खाली बसले, आणि उठता उठता, अर्धवट वाकलेली असताना, कपाटात बघितलं… काही दिसलं नाही मला. नुसता लख्ख दिवा, आणि त्याच्यापुढे काळ्या बरण्या. खिडकीला पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा कळत नाही ना, तसं. मीठ काळं, साखरही काळी.

थांब, सांगते. दिव्यांची पट्टी मी मागच्या बाजूला लावली, वरच्या फळीखाली. पुढे लाकडाची बारीक कड ठोकली, दिवा डोळ्यांवर येऊ नये म्हणून… माझ्या डोळ्यांवर. मी उभी राहून बघितलं, मला दिवा दिसेना, मी खूश. आई माझ्या खांद्याला लागते, छोटे. तिला त्या कडेच्या खालून थेट दिवाच दिसतो.

हो, इतकं साधं… नाही सुचलं. भौतिकशास्त्र शिकवते, तरी नाही सुचलं. मुलांना पहिल्या दिवशी सांगते, कुठून बघताय ते आधी लिहा.

ती काय बोलणार? मुलीने हौसेने लावलेले दिवे. तिने ते झाकले आणि हातांनी चाचपून काम चालवलं. पूर्वी मीठ चिनी मातीच्या बरणीत असायचं, हाताला कळायचं. आता सगळ्या काचेच्या, एकसारख्या… हो, तूच आणलेल्या. दोष देत नाहीये. तुझ्या बरण्या, माझे दिवे, आणि मधे आई.



काय केलं? एका कपाटाची पट्टी पुढच्या कडेला आणली, दाराच्या चौकटीमागे, तोंड आतल्या बाजूला. वर दुधी झाकण. आता उजेड बरण्यांवर पडतो, तिच्यावर नाही. मी गुडघ्यांत वाकून बघितलं… हो, दुखले. ते सोड.

नाही, डोळे सुधारणार नाहीत. डॉक्टर म्हणाले तेच खरं, पडदा झिजलाय. पण जेवढं उरलंय तेवढं तरी तिला वापरता यायला हवं ना.

बरं, असं करू. फोन ठेवू नकोस. तिला मीठ काढायला सांगते. नाही जमलं, तर रविवारी मीच तिला तुझ्याकडे घेऊन येते. एक शब्द बोलणार नाही… हो, कबूल.

आई, इकडे येतेस जरा?… वरच्या कपाटातून मीठ दे ना मला.

आली… दार उघडलं… श्श, थांब.

नाही, अजून काढलं नाही. आत बघतेय… अगं, घाई करू नकोस.

बोट फिरवलं तिने फळीवर.

…विचारतेय, इथे एवढी धूळ कधीपासून आहे.

तुलाही विचारतेय. म्हणते, दोघी येता, चहा पिता, जाता, एकीनेही सांगितलं नाही… मी काय उत्तर देऊ? तूच दे.

नाही, मीठ अजून दिलं नाही. मीठ राहिलं बाजूला… दिलं, दिलं. घेते चाखून.

…मीठच आहे.

हॅलो?… छोटे?… अगं, रडतेस काय. सासऱ्यांना सांग, पुढचा चहा गोड मिळेल.

पुढे दिसणं कमी होत जाईल, हो. तेव्हा तू म्हणशील ते मी ऐकेन. पण आधी तिला विचारू. रविवारचं? विचारते… आई, रविवारी हिच्याकडे जायचंय ना तुला?

म्हणते, वेळ नाही. सगळी कपाटं पुसायला काढायची आहेत. तूच ये म्हणते, आणि येताना जुनी फडकी आण. सुती.

काय?… हो, बाकीच्या पट्ट्याही पुढे घेते, आजच.

काय गं आई?… स्टूल? कशाला हवंय?… अगं, थांब, मी पुसते ना वरचं, तू नको… छोटे, ठेवते, ती स्टुलावर चढतेय.