आईच्या फाइलचे चार तुकडे

...आणि वर मलाच म्हणतात, तू कशाला डोकं चालवलंस! अहो, डोकं कुठे चालवलं, मी फक्त फाइल कापली, तीही सगळ्यांच्या सोयीसाठी... थांबा, तुम्हाला मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही त्यांच्याच बाजूला जाल.

आमची आई गेल्या वर्षी गेली. त्याआधी एकदा आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, स्वयंपाकघरात गुपचूप फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं, आणि आई भांडी पुसता पुसता चाळीस मिनिटं आम्हा चौघा भावंडांचा उद्धार करत होती. दादा हेकट, ताई रुसूबाई, मी आगाऊ, धाकटी ऐतखाऊ! तिचा आवाज म्हणून उरलाय तो एवढाच. तो फोनही पुढे बिघडला. फाइल तेवढी आप्पांच्या कॉम्प्युटरवर राहिली.

आता फाइल नव्वद एमबीची, मेल घेतो पंचवीस. म्हणून मी कापायचं सॉफ्टवेअर उतरवलं, चार तुकडे केले, आप्पांना समजावलं की चारही तुकडे चौघांना पाठवायचे, ज्याने त्याने जोडायचे, एकटा तुकडा उघडत नाही, चारही हवेत, ओळीने हवेत. आप्पा चाळीस वर्षं हेडक्लार्क. म्हणाले, "मुलं चार, तुकडे चार. मग एकेकाला चार कशाला?"

मी पाणी प्यायला उठलो, परत येतो तर एकेकाला एकेक तुकडा रवाना, मूळ फाइल आणि तुकडेही पुसलेले, पाठवलेल्या मेल पुसलेल्या, कॉम्प्युटरची कचरापेटीसुद्धा स्वच्छ! का, तर म्हणे, वाटप झाल्यावर मूळ कागद मागे ठेवला की भांडणं होतात.

मग सुरू झाले फोन. दादा म्हणे, व्हायरस पाठवलास. धाकटीने तुकडा टीव्हीला लावून पाहिला. आणि ताई... "मला शेवटचा? चालायचंच, नेहमीचंच आहे." अगं, शेवटचा म्हणजे कमी नव्हे, चारही हवेत, ओळीने हवेत! पण ऐकतंय कोण? त्यात दादा आणि ताई दीड वर्ष बोलत नव्हते, कारण विचारू नका, त्यांनाही आठवत नाही. ताई म्हणे, त्याने आधी फोन केला तर देते. दादा म्हणे, पहिला तुकडा माझ्याकडे आहे, माझ्याशिवाय सुरूच होत नाही. दोन महिने! ह्यांच्या मानापानात आई अडकून पडलेली. मला वाईट वाटत होतं हो, खरंच.

शेवटी आप्पांनी फर्मान काढलं, रविवारी दहा वाजता, चौघं, पेन ड्राइव्ह घेऊन. आले. टेबलाच्या दोन टोकांना दोघं. मी तुकडे जोडले, आई बोलायला लागली... "ताई आमची फुगते, आणि मग हळूच मलाच विचारते, दादा काय म्हणाला?" दादा फसकन हसला. ताई म्हणाली, "हसू नकोस." दीड वर्षातला पहिला शब्द! संपल्यावर सगळ्यांना कॉपी हवी. तर आप्पा उठले, जोडलेली फाइल पुसली, आणि म्हणाले, "परत ऐकायचीय? परत या."

तेव्हापासून दर महिन्याचा पहिला रविवार. चारही हवेत, ओळीने हवेत, आणि जोडणारा मी.

आता बाहेर बोलू नका. मागच्या वेळी मी लपवून अख्खी कॉपी घेतली. घरी एकटाच ऐकत बसलो. आई दादाला बोलली, हसायला दादा नाही. ताईला बोलली, रुसायला ताई नाही. करमेना. अकराव्या मिनिटाला बंद केली, पुसून टाकली. हे मंगळवारी. आणि आज, शनिवारी, धाकटीचा फोन, पेन ड्राइव्ह हरवला. म्हटलं, मेलमध्ये असेल! तर म्हणे, जागा भरली म्हणून मेल साफ केला. म्हणजे तिसरा तुकडा गेला. म्हणजे सगळंच गेलं.

ताईला फोन केला, तर ती शांत. म्हणाली, "तू ये रे उद्या. चाळीसच्या चाळीस मिनिटं पाठ आहेत आम्हाला. तुझ्यापासूनच सुरुवात करू."