मायच्या खोलीतला ओटा

वसमतच्या स्टँडवर मी कुरुंद्याच्या गाडीची वाट पाहत होते. बाकावर शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. तिचा मुलगा मांडीवर घराचा नकाशा पसरून तिला समजावत होता.

"हे बघ माय, जुनं घर मागं वाढवायलोत. ही खोली तुझी एकटीची. न्हाणी आतच."

"बरं केलंस बापा. पावसात अंगण ओलांडायची तकलीफ गेली."

"आन् हा ओटा. गॅस, नळ, सगळं तुझं वेगळं."

"ओटा काहून?"

"तुझ्या मनानं चहा करशील, भाकर टाकशील."

"सूनबाई म्हणली का तसं?"

"न्हाई गं. रागिणीला तर ठाऊकबी न्हाई. मलाच वाटलं."

"शिवहार, तुझा काका वेगळा कवा झाला, सांग बरं."

"दुसरी चूल मांडली तवा."

"मधात भिंत होती का?"

"न्हाई. पर माय, हे तसं न्हाई."

"गल्लीला काय ठाऊक? माझ्या खोलीत कुकरची शिट्टी वाजली, की म्हणतील, शिवहारनं मायला वेगळं काढलं."

"मंग चहाची तलफ आली तर?"

"येईन की तुमच्याकडं. पर या कागदात यायची वाट कुठं हाय?"

"बाहेरून. अंगणातून."

"पावसात?"

मुलानं खिशातला पेन काढला आणि ओट्यावर फुली मारली.

"आता हितं काय करू? कपाट?"

"या भिंतीपल्याड काय येतं?"

"रागिणीचं सैपाकघर."

"मंग हितंच दार काढ. कडी तिच्या बाजूनं लाव."